हातमोजा आणि शाळा

दादरला उघडलेलं ‘आंधळ्यांची शाळा’ खर्डीला संपलं. कसारा लोकलचा हा एक फायदा: एक नाटक एका बैठकीत वाचून होतं. आसनगावनंतर पाय पसरूनसुद्धा.

श्रीधर विनायक वर्तकांचं हे नाटक मूळचं नॉर्वेचं. ब्यॉर्नस्टर्न ब्यॉर्नसन यांनी ते 1883 साली लिहिलं. त्याच्या मूळ नावाचा अर्थ ‘हातमोजा’. इब्सेनच्या नोराने घर सोडताना दार आपटलं, त्याचा आवाज आपल्याकडे अजून घुमतो. ब्यॉर्नसनला 1903 साली नोबेल मिळूनही या नाटकातली त्याची नायिका स्वाव्हा मात्र मागेच राहिली. लग्नाआधी मुलीने निष्कलंक असायचं, मग मुलाने का नाही, एवढाच तिचा सवाल. वाग्दत्त वराचं पूर्वीचं प्रकरण कळताच ती हातमोजा त्याच्या तोंडावर फेकते. युरोपात हातमोजा फेकणं म्हणजे द्वंद्वाचं आव्हान, तेही पुरुषाने पुरुषाला द्यायचं. ते या मुलीने दिलं, यात त्या क्षणाची सगळी धार आहे.

मुंबईच्या उकाड्यात हातमोजा आणणार कुठून? वर्तकांनी नावच बदललं. हा बदल मला जितका आवडतो तितकाच खुपतो. नॉर्वेच्या नाटकात आईनेही नवऱ्याचं वागणं आयुष्यभर पोटात घातलेलं असतं, आणि ते मुलीला फार उशिरा कळतं. ‘शाळा’ हा शब्द नेमका तिथे लागू पडतो. न पाहणं हेसुद्धा शिकवावं लागतं, आणि त्याचे धडे घरातच मिळतात. पण हातमोजा एकाच्याच गालावर बसतो. शाळेत सगळेच बसतात. राग थोडा वाटला जातो.

ही उणीव प्रयोगाने भरून काढली असावी. 1 जुलै 1933 रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने हे नाटक रंगभूमीवर आणलं. दिग्दर्शन पार्श्वनाथ आळतेकरांचं, संगीत केशवराव भोळ्यांचं. रंगवलेल्या पडद्यांऐवजी भिंतींची खरी वाटणारी खोली, आणि स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रियाच: पद्माबाई वर्तक, ज्योत्स्ना भोळे. स्त्रीभूमिकेतल्या बालगंधर्वांची मोहिनी अजून ओसरलेली नव्हती. शालू नेसलेल्या पुरुषाने हाच सवाल केला असता, तर प्रेक्षकांनी आधी शालूच्या निऱ्या पाहिल्या असत्या! मराठीतल्या स्वाव्हाच्या, म्हणजे बिंबेच्या भूमिकेतल्या एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्नाबाईंच्या तोंडी आल्यावर त्याला दुसरीकडे बघून उत्तर देणं अवघड होतं.

पदंही मोजकीच. कसाऱ्याला घाट चढण्याआधी लांबच्या गाडीला मागून ढकलणारं इंजिन, म्हणजे बँकर लावतात. जुन्या संगीत नाटकात भावनेचा चढ आला की तसंच पद लावायचे, आणि वन्समोअरला गाडी पुन्हा खाली यायची. भोळ्यांनी ताना आवरल्या, चाल भावगीताकडे वळवली. या नाटकातल्या पदाची ज्योत्स्नाबाईंची ध्वनिमुद्रिका आजही मिळते. पल्लेदार तानेची वाट बघत बसावं, तर तिचं म्हणणं सांगून झालेलं असतं.