व्हिएन्नाच्या भूमिकेत प्राग

‘अमाडेउस’ सुरू होतो तो अंधारात, एका म्हाताऱ्याच्या किंकाळीनं. तो मोत्सार्टच्या नावानं हाका मारतो आहे, क्षमा मागतो आहे. नोकर दार फोडून आत शिरतात तेव्हा संगीतकार अंतोनिओ सालिएरीनं स्वतःचा गळा चिरून घेतलेला असतो. त्याच क्षणी मोत्सार्टच्या पंचविसाव्या सिंफनीचे ते धापा टाकणारे, उसळते स्वर सुरू होतात आणि रक्तबंबाळ सालिएरीला उचलून माणसं बर्फाळ गल्ल्यांतून धावू लागतात. वाटेत एका उजळलेल्या दालनात नाच चाललेला दिसतो. बाहेर मरणाची घाई, आत उत्सव, आणि दोन्हींना बांधणारा ताल एकच. साल १८२३, शहर व्हिएन्ना.

पण पडद्यावरच्या या गल्ल्या प्रागच्या आहेत. दिग्दर्शक मिलोश फोर्मननं १९८३ साली मोत्सार्टच्या व्हिएन्नाचं चित्रीकरण मुख्यतः चेकोस्लोव्हाकियात केलं. चित्रपटासाठी देश निवडणं ही निर्मात्याच्या हिशेबाची बाब, असं आपण सहसा धरून चालतो. ‘अमाडेउस’मध्ये मात्र ती निवड अभिनयाइतकी, संगीताइतकी अर्थपूर्ण झाली आहे. हा चित्रपट मला जितका आवडतो, त्यातला फार मोठा वाटा त्या निवडीचा आहे.

पीटर शॅफरचं मूळ नाटक १९७९ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं. पॉल स्कोफील्ड सालिएरी, सायमन कॅलो मोत्सार्ट. नाटकाला शहर लागत नाही. सालिएरी पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलू लागला की व्हिएन्ना उभी राहते. कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याला भिंत लागते, भिंतीवरचा गिलावा लागतो, रस्त्यातला चिखल लागतो. आणि विसाव्या शतकाच्या शेवटाकडे आलेल्या व्हिएन्नात हे सगळं सलग मिळण्याजोगं राहिलं नव्हतं. १८५७ नंतर जुना कोट पाडून रिंगश्ट्रासेचा भव्य रस्ता आखला गेला. ज्या बुर्गथिएटरात मोत्सार्टचा ऑपेरा ‘फिगारो’ पहिल्यांदा झाला, ते १८८८ मध्ये पाडलं गेलं. उरलेल्या शहरात डांबर, दुकानांच्या पाट्या, छपरांवरच्या अँटेना. प्रागमध्ये कॅमेरा गर्रकन फिरवला तरी अठरावं शतक तुटत नव्हतं. तिथल्या कम्युनिस्ट राजवटीनं शहर प्रेमानं जपलं होतं असं नव्हे. डागडुजीला पैसा नव्हता, जाहिरातींना बाजार नव्हता, म्हणून जुनी घरं काळवंडत, पोपडे गळत तशीच उभी राहिली. दारिद्र्यानं राखलेलं ते वैभव होतं. मोठे सेट जेमतेम चार बांधावे लागले: सालिएरीची इस्पितळातली खोली, मोत्सार्टचं घर, एक जिना आणि ‘मॅजिक फ्लूट’चं लोकरंगी नाट्यगृह. बाकी शहर तयारच होतं.

फोर्मनच्या दृष्टीनं ही निवड एवढी साधी नव्हती. चास्लाव्ह गावी १९३२ साली जन्मलेला हा माणूस, आईवडील दोघंही नाझी छळछावण्यांत गेलेले. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा तो पॅरिसमध्ये होता. तो परतला नाही. त्याच्या ‘फायरमेन्स बॉल’वर मायदेशात बंदी आली, १९७७ मध्ये तो अमेरिकी नागरिक झाला. त्याच माणसाला डॉलरच्या ओढीनं सरकारनं चित्रीकरणासाठी पुन्हा दार उघडलं, आणि पाळतीवर गुप्त पोलीसही ठेवले. चित्रीकरणात असलेल्यांनी सांगितलेली एक आठवण आहे. ४ जुलैला ऑपेरागृहातला प्रसंग घेताना मोत्सार्टच्या संगीताऐवजी अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजलं, वरून झेंडा उलगडला, आणि पोशाख-टोपांतले प्रेक्षक झालेले प्रागचे सगळे साधे नागरिक उठून उभे राहिले. अधूनमधून काही जण तेवढे बसून राहिले होते. कोण कशासाठी आलं आहे, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

आता मला जे महत्त्वाचं वाटतं ते. हा चित्रपट मोत्सार्टचं चरित्र नाही. वेड्यांच्या इस्पितळात बसलेल्या, मत्सरानं पोखरलेल्या म्हाताऱ्यानं एका तरुण पाद्र्याला दिलेली ही जबानी आहे. खऱ्या इतिहासात सालिएरीनं मोत्सार्टला मारलं नव्हतं. मोत्सार्टच्या मरणशय्येशी तो लेखणी घेऊन बसला नव्हता. आपण पाहतो ती व्हिएन्ना त्याच्या आठवणीतली आहे, आठवणीनं हवी तशी वळवलेली. अशा साक्षीला खरी व्हिएन्ना कशाला हवी? व्हिएन्नासारखी दिसणारी, तिच्याच साम्राज्यात वाढलेली, पण ती नसलेली नगरी हेच या गोष्टीचं योग्य ठिकाण. फोर्मननं नटांनाही आपल्या सहज अमेरिकी उच्चारांत बोलू दिलं, जर्मन वळणाचं इंग्रजी कुणाला करायला लावलं नाही. ठिकाण एका देशाचं, बोली दुसऱ्या देशाची, गोष्ट तिसऱ्याची. तरीही काही खटकत नाही, कारण सगळं एका माणसाच्या डोक्यात घडतं आहे.

आणि या वळवलेल्या शहराच्या मध्यभागी एकच जागा अस्सल आहे: तिथलं जुनं नाट्यगृह.

काउंट नोस्तित्सनं बांधवलेलं हे नाट्यगृह १७८३ मध्ये उघडलं. २९ ऑक्टोबर १७८७ रोजी मोत्सार्टनं इथेच स्वतः संचालन करून ‘डॉन जोव्हानी’ पहिल्यांदा सादर केला. त्याच्या अखेरच्या वर्षातला ‘ला क्लेमेंत्सा दी तितो’ही १७९१ मध्ये इथलाच. चेक लोकांचं पुढे राष्ट्रगीत झालेलं गाणं १८३४ साली याच रंगमंचावर पहिल्यांदा गायलं गेलं. फोर्मन पोचला तेव्हा त्याचं नाव टिल नाट्यगृह होतं, आज ते एस्टेट्स थिएटर म्हणून ओळखलं जातं. ‘सेराल्यो’, ‘फिगारो’, ‘डॉन जोव्हानी’ या तिन्ही ऑपेरांचे प्रसंग इथे चित्रित झाले. मोत्सार्ट झालेला टॉम हल्स हात उंचावतो ती जागा मोत्सार्टच्या हातांची आहे.

जागा अस्सल असणं पुरेसं नसतं, ती वापरता यावी लागते. छायालेखक मिरोस्लाव्ह ओन्द्रिचेक हा फोर्मनचा ‘फायरमेन्स बॉल’पासूनचा, त्याही आधीचा सोबती. त्यानं इथे मेणबत्त्यांच्या उजेडाचा ध्यास घेतला. लाकडी नाट्यगृहात जळती झुंबरं म्हणजे केवढी जोखीम! पण त्या उजेडानं एक गोष्ट दिसते, जी इतिहासाच्या पुस्तकात वाचून मनाला भिडत नाही. अठराव्या शतकात प्रेक्षागारात अंधार करत नसत. रंगमंच उजळलेला, सज्जेही उजळलेले. नालाच्या आकारात बसलेली माणसं ऑपेरा पाहतात तशी एकमेकांना पाहतात, आणि सगळ्यांच्या नजरा टप्प्याटप्प्यानं सम्राटाच्या सज्जाकडे वळतात. राजाचा सज्जा हा दुसरा रंगमंचच.

म्हणून ‘फिगारो’च्या प्रयोगातली सम्राट योसेफची ती जांभई एवढी भयंकर ठरते. चौथ्या अंकात, सगळ्यांनी सगळ्यांना क्षमा करण्याचा तो अलौकिक प्रसंग चालू आहे. सालिएरीला कळतं आहे की आपण ऐकतो ते आपल्या कुवतीपलीकडचं आहे. आणि सम्राट जांभई देतो. अंधारलेल्या आधुनिक नाट्यगृहात ती कुणाच्या लक्षातही आली नसती. इथे ती साऱ्या घराला दिसते, आणि ऑपेराचं भवितव्य तिथल्या तिथे ठरतं. सालिएरीचा चेहरा पाहा. एफ. मरी अब्राहमच्या डोळ्यांत आनंद आणि लाज एकदम येतात. ज्या सुरांनी आपण विरघळलो त्यांचाच पराभव आपल्याला हवा आहे, हे त्याला त्या सोनेरी उजेडात स्वतःपासून लपवता येत नाही. हा प्रसंग स्टुडिओत बांधलेल्या अर्ध्या नाट्यगृहात इतका जिवंत झाला असता असं मला वाटत नाही. त्याला सगळं घर हवं, पाठीमागे, बाजूला, वर, सर्वत्र बसलेली माणसं हवीत.

त्याच्या थोडं आधी येणारा तालमीचा प्रसंग मला जवळजवळ तितकाच प्रिय आहे. ऑपेरात नृत्य नको अशी सम्राटाची आज्ञा असल्याचं सांगून दरबारी अधिकारी मोत्सार्टच्या संहितेतली पानं फाडतो. मग तालमीत नर्तक संगीताशिवायच नाचतात. वाद्यं गप्प, फळ्यांवर फक्त पावलांचे आवाज. अनपेक्षितपणे येऊन बसलेला सम्राट गोंधळतो, हे काही आधुनिक आहे का म्हणून विचारतो. नृत्यरचना ट्विला थार्पची. संगीत काढून घेतल्यावर किती पोकळी उरते, हे फोर्मन एक शब्दही न उच्चारता दाखवतो, आणि रिकामं लाकडी घर ती पोकळी दुणावतं.

‘डॉन जोव्हानी’च्या प्रसंगात दैवयोग आणखी गहिरा होतो. या कृतीला प्रागनं डोक्यावर घेतलं, तर १७८८ मध्ये व्हिएन्नानं थंडपणे स्वीकारलं. चित्रपट दाखवतो ते व्हिएन्नातले प्रयोग. म्हणजे ज्या घरानं मोत्सार्टला भरभरून दिलं, तेच घर इथे त्याला नाकारणाऱ्या घराची भूमिका करतं आहे. काळा सेनापती भिंत फोडून प्रवेश करतो, सालिएरी सज्जातून पाहताना त्यात मोत्सार्टच्या मेलेल्या बापाला ओळखतो. ऑपेराचे प्रयोग त्यानंच कारस्थान करून कमी पाडले आहेत, आणि त्यातला एकही त्यानं चोरून पाहायचा सोडलेला नाही. सालिएरी सगळ्या बाबतींत खोटं बोलेल, संगीताच्या बाबतीत बोलू शकत नाही. चित्रपटही तसाच आहे. शहर खोटं, भेटीगाठी खोट्या, कट खोटा, पण जिथे सूर वाजतात ती वास्तू खरी. नेव्हिल मॅरिनरनंही मोत्सार्टचा एकही सूर बदलायचा नाही या अटीवरच संगीतसंचालन स्वीकारलं होतं. ध्वनिमुद्रण आधी झालं आणि दृश्यं त्याबरहुकूम घेतली गेली.

प्रागबाहेरही एक मोलाची जागा सापडली: मोराव्हियातल्या क्रोम्येर्झीशचा आर्चबिशपचा प्रासाद. साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या मैफलीचा प्रसंग तिथला. पाहुण्यांच्या घोळक्यात मोत्सार्ट कोणता असेल, याचा अंदाज घेत सालिएरी फिरतो. प्रतिभा चेहऱ्यावर दिसते का, हा त्याचा प्रश्न. मग खाद्यपदार्थांनी भरलेल्या खोलीत लपलेला असताना एक खिदळणारा पोरगा मुलीमागे जमिनीवर रांगताना त्याला दिसतो, आणि दुसऱ्या दालनातून सूर आले की तोच पोरगा दचकून उठतो, कारण संगीत त्याचं आहे. दालन इतकं भव्य आणि तो इतका पोरकट, हा विरोध छत-भिंतींच्या जोरावरच उभा राहतो.

देश निवडला की त्याचे कारागीरही मिळतात, हे फोर्मन जाणून होता. पोशाख चित्रकार थेओडोर पिश्तेकचे. ऑपेरांचं नेपथ्य योसेफ स्वोबोदाचं, ज्याचं नाव जगभरचे नेपथ्यकार आदरानं घेतात. या चित्रपटानं ८ ऑस्कर मिळवले, त्यांतला वेशभूषेचा पिश्तेकला गेला आणि कलादिग्दर्शनाच्या पुरस्कारात पॅट्रिझिया फॉन ब्रांडेनश्टाइनच्या जोडीनं चेक कारागीर कारेल चेर्नीचा वाटा होता. पुढे राजवट बदलल्यावर राष्ट्राध्यक्ष झालेल्या व्हाक्लाव्ह हावेलनं प्रागच्या किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांचे नवे गणवेश पिश्तेककडूनच करून घेतले.

एक मात्र नोंदवलं पाहिजे. चित्रपटातली सर्वांत थोर रात्र, मरणासन्न मोत्सार्ट ‘रेक्विएम’ सांगतो आहे आणि सालिएरी धडपडत लिहून घेतो आहे ती, सेटवर बांधलेल्या घरातली आहे. तेच योग्य. तिथे शहराची गरज संपते. एक पलंग, कागद, मेणबत्ती, आणि गायकांचा एकेक स्वरपट्टा चढत जाऊन आपल्या कानांत जुळतो तो क्षण.

१९८९ नंतर प्राग सगळ्या जगाचं चित्रनगर झालं. २०१० पासून चेक सरकार चित्रीकरणाच्या खर्चातला २० टक्के भाग परत देऊ लागलं, आणि निर्माते देश निवडताना आधी तो आकडा पाहू लागले. आपल्याकडेही ‘हम दिल दे चुके सनम’मध्ये बुडापेस्ट इटली झालं. शेवटच्या प्रसंगातला साखळीपूल सुंदर आहे, पण त्या जागी दुसऱ्या शहराचा पूल असता तरी गोष्टीचं काही बिघडलं नसतं. इम्तियाज अलीच्या ‘रॉकस्टार’मध्ये प्राग स्वतःच्या नावानं आलं, आणि तिथे ते नायिका हीरच्या परकेपणाला शोभतं. तरी ‘अमाडेउस’मध्ये जागा आणि आशय जसे एकमेकांत मुरले आहेत, तसं मी क्वचित पाहिलं आहे.

पाहायचा झाला तर १९८४ साली प्रदर्शित झालेलं रूप आधी पाहावं. २००२ मध्ये फोर्मननं सुमारे २० मिनिटं वाढवून नवं रूप आणलं. त्यात सालिएरी मोत्सार्टच्या बायकोचा, कॉन्स्टान्झेचा, अपमान करतो तो प्रसंग सविस्तर आहे. त्यामुळे तिचा पुढचा राग समजतो हे खरं, पण सालिएरी साधा खलपुरुष होतो आणि आपली त्याच्याविषयीची कणव पातळ होते. पहिल्या रूपात तो शेवटपर्यंत आपलाच कुणीतरी वाटतो. ऑपेराचे प्रसंग आले की रंगमंचावर तर नजर जाईलच, पण ती अधूनमधून सज्जांकडेही वळवावी. तिथे बसलेले प्रेक्षक प्रागचेच आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरचं ऐकणं मला कधीच अभिनय वाटलेलं नाही.