नावामागच्या खुंट्या

बाबांची गाडी रंगवायला दिली तेव्हा डिकीवरचे नाव काढून कारागिराने माझ्या हातात ठेवले. गाडी प्रीमियर पद्मिनी. नाव रोमन लिपीत, क्रोमचा मुलामा दिलेले. गॅरेजच्या भाषेत याला ‘मोनोग्राम’ म्हणतात. वर्षानुवर्षे मी ते समोरून वाचले होते, मागून प्रथमच पाहिले. मागे तीन बारीक खुंट्या होत्या. दोन शाबूत होत्या, तिसरी अर्धी मोडलेली आणि तिच्याभोवती विजेच्या वायरीचा तुकडा गुंडाळलेला. ‘मॅडम, हे जुगाड फेकून द्या, टेप लावून देतो,’ कारागीर म्हणाला. मी थांबायला सांगितले. पुढचे दोन महिने मी जे शोधत होते ते गॅरेजच्या दृष्टीने चार क्लिपांचे काम होते. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला मात्र तो पाठचिकित्सेचा प्रश्न वाटला, आणि अजूनही वाटतो.

आधी या नावाचे महत्त्व पाहू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बाजारात आणली. सत्तरच्या दशकात तिचीच ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि लवकरच ‘प्रीमियर पद्मिनी’. पत्र्याची घडण मुळात तीच राहिली, नावे बदलत गेली. लोकांनी तर नवे नाव वाचलेच नाही. आमच्या चाळीत ती शेवटपर्यंत ‘फियाट’च होती. म्हणजे एकाच संहितेच्या तीन प्रती आणि त्यांचा वेगळेपणा सांगणारी, सहज दिसणारी खूण एकच, ती म्हणजे हे धातूचे नाव. ते निखळले की गाडी चालते, पण ती कोणत्या काळाची हे सांगणारा एक साक्षीदार जातो.

हे नाव पत्र्यावर टिकते कसे? असे जुने मोनोग्राम बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असत. बाजारात या धातूला ‘मझाक’ म्हणतात. मागच्या खुंट्या अक्षरांबरोबरच ओतल्या जातात. पत्र्यात भोके असतात. खुंट्या त्यांतून आत जातात आणि आतल्या बाजूने पोलादी स्प्रिंगच्या क्लिपा त्यांवर दाबून बसवतात. क्लिपेचे दात एकाच दिशेने सरकतात. आत जाताना वाट देतात, बाहेर येताना चावतात. काही ठिकाणी खुंटीवर आटे पाडून नट लावतात. पण मझाक ठिसूळ. नट अर्धा फेरा जास्त आवळला, किंवा बाहेरून स्क्रूड्रायव्हर घालून नाव उचकटले, की खुंटी मोडते. मोडली की तिला झाळणे अवघड, कारण ही धातू कमी उष्णतेत वितळते आणि क्रोम फुगतो.

शाबूत खुंट्या मी व्हर्नियरने मोजल्या. मुलाम्यासकट जाडी ३ मिलिमीटर. पिंपरीच्या बाजारात क्लिप मागितली तर दुकानदाराने न मोजताच सांगितले, ‘एक सुती लागेल.’ एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालचा, पण आपल्या कारागिरांच्या जिभेवर सूत अजून शाबूत आहे. फरक ०.१७५ मिलिमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. क्लिप खुंटीवर बसली, शोभलीही. पण डिकी चारदा आपटल्यावर नाव खुळखुळू लागले. हस्तलिखितांत ऱ्हस्वदीर्घाच्या फरकाने ओळीचा अर्थ फिरतो, तसेच हे. अर्थ लागतो म्हणून पाठ खरा ठरत नाही.

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात नट, बोल्ट आणि क्लिपा लाखांनी खपतात, आणि मला चार मिळेनात. कारण साधे आहे. इथला माल लॉटने बनतो, चालू मॉडेलसाठी बनतो. बंद पडलेल्या गाडीची क्लिप कोणाच्याच यादीत नसते. जुन्या वस्तूंसाठी पूर्वी चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामे धुंडाळता येत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या अतिक्रमणविरोधी कारवाईत तिथली हजारो बांधकामे पाडली गेली. ती कारवाई योग्य की अयोग्य हा या लेखाचा विषय नाही. पण सूची नसलेले एक संग्रहालय त्यात गेले, हे नोंदवायला हवे.

टेपच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आजच्या बहुतेक गाड्यांवरची नावे प्लास्टिकची असतात, दुहेरी चिकट फोमने बसवलेली. त्यात पत्र्याला भोक पडत नाही, म्हणून त्या जागी गंज धरत नाही. जुन्या गाड्यांचा पत्रा नेमका या भोकांच्या कडेलाच सडतो. तेव्हा टेप हे वाईट तंत्र नव्हे. माझा आक्षेप जुन्या गाड्यांच्या सध्याच्या जीर्णोद्धारावर आहे: भोके बुजवायची, नवे चकचकीत नाव टेपने चिकटवायचे आणि गाडीला ‘अस्सल’ म्हणून प्रदर्शनात उभे करायचे. हे संपादन नव्हे. अवघड ओळ खोडून तिथे सोपी ओळ लिहिणे आहे.

इथे मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ साली तिचे प्रमुख संपादक झाले. काम १९६६ साली पुरे झाले. या आवृत्तीत जो पाठ पुरेसा निश्चित नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे. प्रक्षिप्त ठरलेला मजकूर फेकलेला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत जपला आहे. संपादकाने आपली शंका वाचकापासून लपवली नाही, हे या आवृत्तीचे मोठेपण. पाठचिकित्सेचे आणखी एक जुने तत्त्व आहे: दोन पाठांत जो अवघड, तो सहसा आधीचा, कारण लिहिणारा सोपे करत जातो.

हे तत्त्व हाताशी धरून मी बाबांची वायर पुन्हा पाहिली. बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. मोडलेल्या खुंटीला त्यांनी त्रिकोणी कानशीने खाच पाडली होती आणि वायर बरोबर त्या खाचेत बसवली होती. पण तिचे प्लास्टिक सोललेले नव्हते. मला तो आळस वाटला. मग लक्षात आले, तांबे आणि जस्त एकमेकांना टेकले आणि मध्ये पावसाचे पाणी आले, तर झीज जस्ताची होते. उघडी तार चार पावसाळ्यांत खुंटी खाऊन गेली असती. ज्याला आम्ही दोघेही जुगाड म्हणालो, तो जाणत्याचा पाठ होता. बाबा गेल्यावर आठ वर्षांनी तो मला वाचता आला.

मग क्लिपाही त्याच नजरेने निवडल्या. दुकानदार भारी म्हणून स्टेनलेसच्या देत होता. पण जस्ताच्या शेजारी स्टेनलेसही निर्धोक नाही. जस्ताचा लेप दिलेले साधे स्प्रिंगचे पोलादच बरे. भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपच्या मालकांनी नमुन्यांच्या खणातून ३ मिलिमीटरच्या चार क्लिपा काढून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. भोकांच्या कडांना गंजरोधक रंग आणि सीलंट लावून दोन खुंट्यांवर त्या बसवल्या. दोन शिल्लक आहेत. पुढे कोणाला नाव काढावे लागले तर बाहेरून उचकटू नये, आतून क्लिपेचे दात कापावेत.

तिसऱ्या खुंटीला वायरच ठेवली. जुनीचे प्लास्टिक तडकले होते, म्हणून तेवढ्याच जाडीची नवी घेतली, खाच बाबांचीच. जुना तुकडा आणि उरलेल्या क्लिपा एका पाकिटात घालून ते डिकीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवले आहे. वर लिहिले आहे: ‘तिसरी खुंटी मोडलेली. दुरुस्ती मूळची नव्हे, बाबांची. वायर बदलली, सोलू नये.’