‘माता’ की ‘आई’? : गोयाच्या एका मुद्राचित्राच्या मथळ्याविषयी

फ्रान्सिस्को गोयाच्या (१७४६–१८२८) ‘युद्धाचे अनर्थ’ ह्या चित्रमालेतील पन्नासाव्या चित्राखाली दोनच शब्द आहेत : ‘माद्रे इन्फेलिथ’, म्हणजे अभागी माता, व पुढे उद्गारचिन्ह. चित्राचा विचार करताना ह्या शब्दांकडे ओझरते पाहून चालणार नाही, असे मला वाटते.

फ्रेंचांच्या ताब्यातील माद्रिदमध्ये १८११-१२ साली पडलेला दुष्काळ हा ह्या चित्राचा विषय होय. तीन पुरुष एका मृत स्त्रीला उचलून नेत आहेत. मागून एक लहान मुलगी डोळ्यांवर मुठी धरून रडत चालली आहे. प्रेत आणि ती ह्यांच्यामध्ये गोयाने जागा मोकळी सोडली आहे. पुरुषांचे हात प्रेताने अडकलेले. मुलीचा हात धरावयास कोणी नाही. अॅक्वाटिंटच्या काळोख्या छटेपुढे ती इवलीशी आकृती अधिकच एकटी वाटते.

आणि मथळ्यात मुलगी नाही! जिचे भोगणे संपले तिला ‘अभागी’ म्हटले आहे. जिचे आता सुरू होणार तिच्याविषयी शब्दही नाही. परंतु ‘माता’ हे संबंधवाचक नाम आहे. ‘स्त्री’ एकटी असू शकते, माता कोणाची तरीच असते. आणि चित्रात ते ‘कोणी’ म्हणजे ती मुलगीच. मथळ्याने वगळलेले मूल त्याच मथळ्याच्या अर्थात असे शिरलेले आहे. ‘बिचारी पोर’ असे लिहिले असते, तर प्रेक्षकाला हळहळून मोकळे होता आले असते.

हे उद्गार कोणाचे? ह्याच मालेतील चव्वेचाळिसाव्या चित्राखाली ‘हे मी पाहिले’ असे आहे. तेथेही पळणाऱ्या आईबरोबर मूल आहे, पण क्रियापद प्रथमपुरुषी असल्याने साक्षीदार स्पष्ट आहे. येथे क्रियापदच नाही. शिवाय स्पॅनिशमधील ‘माद्रे’ हा शब्द वर्णनाला चालतो, तसा हाकेलाही. त्यामुळे बोलणारा चित्रकार की ती मुलगी, हे व्याकरण ठरवू देत नाही. १८६३ साली, म्हणजे गोयाच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीने ही माला प्रथम प्रसिद्ध केली. त्या वेळी मथळे घेतले ते गोयाने आपला मित्र सेआन बेर्मूदेथ ह्यास दिलेल्या संचावरून. तेव्हा ही संदिग्धता प्रकाशकाच्या पदरी टाकता येत नाही.

मराठीत मात्र निवड करावीच लागते. ‘माता’ म्हटले की बोलणारा दूर उभा राहतो; ‘आई’ म्हटले की मुलीचा आवाज ऐकू येतो. ‘माते’तील गांभीर्य हरवते हे मान्य करूनही मी ‘अभागी आई!’ असेच भाषांतर करीन.