आक्रमकतेची गुणसूत्रमीमांसा : एका उपपत्तीचे परीक्षण

१९६५ साली पॅट्रिशिया जेकब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधील कारस्टेअर्स येथील बंदिस्त रुग्णालयातल्या १९७ पुरुषांची गुणसूत्रे तपासली. त्यांपैकी ७ जणांत एक अधिक वाय गुणसूत्र आढळले. सर्वसाधारण पुरुषांत हे प्रमाण हजारी सुमारे १ असते. वाय गुणसूत्र पुरुषत्वाचे, पुरुषत्व आक्रमकतेचे, म्हणून दुप्पट वाय म्हणजे दुप्पट हिंसा, असे गणित मग रूढ झाले. शिकागो येथील १९६६ च्या हत्याकांडातील रिचर्ड स्पेक यालाही वृत्तपत्रांनी या वर्गात बसविले. प्रत्यक्षात त्याची गुणसूत्रे सामान्यच होती!

जेकब्स यांच्या निरीक्षणाविषयी वाद नाही. दोष आहे तो त्यावर उभारलेल्या अनुमानात. ज्यांना हिंसक प्रवृत्ती व मतिमांद्य या दोहोंमुळे तेथे ठेवले होते, केवळ अशांच्या गणनेतून यांपैकी कशाचा संबंध गुणसूत्राशी आहे, हे कळणे अशक्य होते. भिंतीबाहेर निमूटपणे संसार करणारे असे पुरुष किती, हा प्रश्न तर विचारलाच गेला नव्हता.

तो विचारला विटकिन प्रभृतींनी. असे पुरुष बहुधा उंच असतात, म्हणून त्यांनी कोपनहेगन येथील ४,१३९ उंच पुरुष तपासले. १२ जणांत अधिक वाय आढळले. त्यांतील ५ जण शिक्षापात्र ठरले होते. हे प्रमाण इतरांहून निश्चितच अधिक. परंतु व्यक्तीवरील हल्ल्याचे उदाहरण एकच. बुद्धिमापनातील कमी गुणांनी या आधिक्याचा काही भाग उलगडतो, सर्व नव्हे. तेव्हा बारा व्यक्तींवरून गुणसूत्राला सर्वस्वी निर्दोष ठरविणे हीदेखील घाईच होईल. हा अहवाल १९७६ चा. बॉस्टन येथील नवजात बालकांची अशी तपासणी त्यापूर्वीच, १९७५ मध्ये, टीकेमुळे थांबली होती. म्हणजे पुरावा हाती येण्याआधीच पाळण्यातील मुलांवर शिक्का बसण्याची वेळ आली होती.