रक्त आणि तालीम

मोडनिंबच्या स्टँडवर एका पारधी पोराकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणाले, ‘चोरी यांच्या रक्तातच असते.’ माझ्या हातात तेव्हा लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) होते. गाल्टनने १८६९ मध्ये बुद्धी घराण्यात उतरते असे मांडले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच गुन्हा ठरवले. पुढे वर्तन-आनुवंशिकी हे शास्त्र झाले. सिरिल बर्टचे जुळ्यांवरचे आकडे मात्र १९७४ मध्ये लिऑन कॅमिनने संशयास्पद ठरवले. ‘उचल्या’तल्या पोरांना मारून-मुटकून चोरी शिकवतात. रक्तातच असते, तर ही तालीम कशाला? गायकवाड हा प्रश्न विचारीत नाहीत, नुसते दाखवतात (तेच बरे). सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्म आणि तारेचे कुंपण एकाच वाट्याला आले. तिथे आनुवंश वेगळा मोजणार कसा?