निवडीचें भाकीत

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरी कीं खोटी हा वाद क्षणभर बाजूस ठेवला, तरी तिच्या उपयोगासंबंधीं एक गोष्ट सहज लक्षांत येण्यासारखी आहे. मूल पाळण्यांत असतांना ही म्हण गंभीरपणें फारसें कोणी उच्चारीत नाहीं. तें मोठें होऊन नांवारूपास आलें म्हणजे आप्तेष्ट व शेजारी ती आठवणीनें उच्चारतात. पाळण्यांतल्या ज्या पायांनीं पुढें कांहीं पराक्रम केला नाहीं, त्यांविषयीं कोणी बोलत नाहीं. अशा रीतीनें ही म्हण नेहमीं खरी ठरते, आणि नेहमीं खरी ठरणें हेंच तिचें मोठें वैगुण्य होय.

आपल्या काळांत या म्हणीचा उपयोग उलट दिशेनें करण्याचा उद्योग भरभराटीस आला आहे. खेळांचे व्यावसायिक संघ निघाले, खेळाडूंच्या निवडी आणि लिलाव होऊं लागले, आणि त्यांबरोबरच कोणता संघ कोणत्या पोराला उचलील हें अगोदर सांगणारें लिखाणहि आलें. त्यांत याद्या असतात, क्रमांक असतात, प्रत्येक नांवापुढें दोन-चार ओळींचा अभिप्राय असतो. हें लिखाण आतां इतकें विपुल झालें आहे, कीं त्यास एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानण्यास हरकत नाहीं. आणि वाङ्मयप्रकार म्हटला कीं त्याचें परीक्षण करण्याचा अधिकार टीकाकारास आपोआप प्राप्त होतो.

प्रथम हॉकीचाच दाखला घेऊं. हॉकी इंडिया लीग ही स्पर्धा २०१३ सालीं सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत १३ ते १५ या तारखांस दिल्लीस नव्यानें लिलाव होऊन डिसेंबरअखेर पुन्हा सुरू झाली. त्या लिलावांत प्रत्येक संघास २४ खेळाडू घ्यावयाचे होते; त्यांत निदान १६ भारतीय असावेत, आणि त्यांतहि निदान ४ ज्युनिअर असावेत, असा नियम होता. हरमनप्रीत सिंग यास ७८ लाख रुपये मिळाले, ही त्या वेळची सर्वांत मोठी बोली. परंतु टोकिओ आणि पॅरिस या दोन ऑलिंपिकांत ज्यानें कांस्यपदक मिळविलें, त्याच्यासंबंधीं भाकीत तें काय करावयाचें? भाकिताला खरा वाव होता तो त्या चार ज्युनिअर जागांत. कारण तेथें पैसा आशेवर लावावयाचा होता.

या उद्योगाची परिणत अवस्था पाहावयाची असेल, तर उत्तर अमेरिकेंतील बर्फावरच्या हॉकीकडे वळलें पाहिजे. तेथें १९६३ सालापासून तरुण खेळाडूंची वांटणी संघांमध्यें क्रमानें केली जाते. मुलें सुमारें अठरा वर्षांचीं असतात. दुबळ्या संघांस आधीं निवडण्याची संधि मिळावी अशी योजना असते. आणि निवडीच्या कितीतरी महिने आधींपासून पहिला कोण, दुसरा कोण, याचे आराखडे प्रसिद्ध होत राहतात. ते पुष्कळदां, विशेषतः अग्रभागीं, बरोबरहि ठरतात. येथेंच वाचकानें सावध झालें पाहिजे.

कारण या भाकितांत दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. ‘संघ कोणाला निवडतील?’ हा एक प्रश्न, आणि ‘चांगला खेळाडू कोण होईल?’ हा दुसरा. पहिल्याचें उत्तर देण्यासाठीं निवडणाऱ्यांचें मन वाचावें लागतें. दुसऱ्याचें देण्यासाठीं निवडल्या जाणाऱ्या मुलाचें. निवड करणारे कोणत्या अंगयष्टीवर भुलतात, कोणत्या स्पर्धेस मान देतात, कोणाच्या शब्दावर विसंबतात, हें ज्यास ठाऊक आहे, तो पहिल्या प्रश्नाचें उत्तर अचूक देईल. त्यासाठीं मुलाच्या भवितव्याचें ज्ञान त्यास असावयास पाहिजे असें मुळींच नाहीं. परीक्षक कोणता प्रश्न घालणार हें ओळखणारा विद्यार्थी हुशार खरा. पण त्यास विषय समजला आहे असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. भाकीतकार पहिल्या प्रश्नांत मिळविलेलें यश दुसऱ्या प्रश्नाच्या खात्यावर जमा करतो, आणि वाचकहि तें मुकाट्यानें मान्य करतो.

१९९३ सालीं ओटावाच्या संघानें अलेक्झांद्र देग्ल या तरुणास सर्वांत प्रथम निवडलें. तो प्रथम जाणार हें सर्वांनीं वर्तविलें होतें आणि तें खरें ठरलें. पण त्याची पुढील कारकीर्द अपेक्षेच्या मानानें फारच सामान्य झाली. त्याच्या पाठोपाठ दुसरा निवडला गेलेला क्रिस प्राँगर हा २००० सालीं त्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. उलट पावेल दात्सूक १९९८ सालीं १७१ वा, हेन्रिक झेटरबर्ग १९९९ सालीं २१० वा, आणि गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट २००० सालीं २०५ वा निवडला गेला. तिघेहि आपापल्या पिढीचे अग्रगण्य खेळाडू झाले. दीडशेंहून अधिक मुलें जाईपर्यंत ज्यांचें नांव कोणाला सुचलें नाहीं, त्यांच्या बाबतींत केवळ भाकीतकारांसच दोष देणें अन्यायाचें होईल. निवडणारांनाहि तें दिसलें नव्हतें. दोघांची चूक एकच होती, म्हणूनच दोघांचीं मतें जुळलीं.

ही चूक कशी घडते याचा एक उलगडा कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनीं १९८५ सालीं पुढें मांडला. तेथील मुलांचे वयोगट १ जानेवारीस पाडले जातात. त्यामुळें जानेवारींत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत जन्मलेला मुलगा एकाच गटांत खेळतात. दहाव्या वर्षीं अकरा महिन्यांचें अंतर म्हणजे उंचींत, वजनांत व ताकदींत केवढा फरक! मोठा मुलगा उठून दिसतो. त्याला चांगला संघ, चांगला शिक्षक, अधिक सामने मिळतात. आणि थोड्याच वर्षांत तो खरोखरच सरस होतो. वरच्या दर्जाच्या कुमारसंघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहींत जन्मलेल्यांचा भरणा असतो, असें बार्न्सली यांना आढळलें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनानें तर असें दाखविलें, कीं व्यावसायिक निवडींत वर्षाच्या उत्तरार्धांत जन्मलेले खेळाडू आपल्या क्रमांकावरून अपेक्षिलें असतें त्याहून अधिक यशस्वी झाले. ज्याला निवडसमिति गुण समजत होती, तो पुष्कळ अंशीं जन्मतारखेचा प्रसाद होता.

या दृष्टीनें त्या याद्यांची भाषा तपासून पाहावी. ‘उंचापुरा’, ‘भक्कम बांध्याचा’, ‘वेगवान’, ‘मोठ्या स्पर्धांचा अनुभव असलेला’ — विशेषणें बहुधा याच जातीचीं. व्याकरणदृष्ट्या वाक्यें भविष्यकाळीं असतात, परंतु अर्थदृष्ट्या तीं केवळ वर्तमानकाळाचें वर्णन असतात. मुलगा आज काय आहे एवढेंच त्यांत सांगितलेलें असतें. तो पुढें काय होईल हें क्रियापदाच्या प्रत्ययावर सोपविलेलें असतें.

आतां आपल्या घरीं येऊं. महाराष्ट्र राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठीं लहान वयाचीं मुलें निवडतात. उंची, वजन, ३० मीटर व ८०० मीटर धांव, शटल रन, जागेवरून लांब उडी, शरीराची लवचिकता, अशा चाचण्या घेऊन गुण दिले जातात. या पद्धतीस नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. खेड्यापाड्यांतील मुलामुलींना जिच्यामुळें पुण्याच्या मैदानाचा दरवाजा उघडला, अशी ती पद्धत आहे. फलटण तालुक्यांतील आसू गांवची वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत शिकून भारताच्या महिला संघापर्यंत पोहोंचली, हें लहान काम नव्हे. तथापि फितीनें व घड्याळानें जें मोजतां येतें तेंच या चाचण्यांनीं मोजलें जाणार, हेंहि विसरतां कामा नये. चेंडू येण्यापूर्वीं तो कोठें येईल हें ओळखणारी नजर, किंवा चार सामने हरल्यावर पांचव्या दिवशीं पहांटे उठण्याची चिकाटी, यांचा फितीवर आंकडा नाहीं.

खडकीचे धनराज पिल्ले यांचें उदाहरण पुणेकरांस नव्यानें सांगावयास नको. पण तें ज्या अर्थानें सांगितलें जातें तो मला अपुरा वाटतो. १९६८ सालीं जन्मलेला, बांध्यानें सडपातळ असा हा मुलगा दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींत वाढला, मोडक्या स्टिक्स घेऊन खेळला, १९८९ सालीं भारताकडून उतरला, चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळला, आणि १९९८ सालीं बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखालीं ३२ वर्षांनीं भारतास आशियाई सुवर्णपदक मिळालें. ‘खरें तेज झांकून राहत नाहीं’ हें तात्पर्य काढून लोक थांबतात. पण वडील मैदानाची निगा राखणारे होते; थोरला भाऊ मुंबईस हॉकीवरच नोकरी करीत होता व त्यानें धाकट्यास तिकडे बोलावून घेतलें; तेथें जोकिम कार्व्हालो यांच्यासारखा मार्गदर्शक लाभला. मैदान, भाऊ आणि गुरु या तीन गोष्टींपैकीं एक जरी नसती, तरी तेज झांकून राहिलें असतें, आणि कोणास त्याचा पत्ताहि लागला नसता. ‘होतकरूपणा’ हा केवळ मुलाच्या अंगचा गुण नसून त्याच्याभोंवतीं आपण काय उभें केलें याचेंहि तें माप आहे. भाकिताच्या यादींत या दुसऱ्या भागास रकाना नसतो.

यावर पूर्वपक्ष असा येईल, कीं जागा मोजक्या, उमेदवार असंख्य. कोणीतरी, कांहींतरी कसोटी लावून निवडलेंच पाहिजे. कसोटी काढून टाकली, तर तिच्या जागीं वशिला येईल. हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो पूर्णपणें मान्य करतों. काकांच्या चिठ्ठीपेक्षां घड्याळाचा कांटा केव्हांहि अधिक प्रामाणिक. परंतु निवड करणें वेगळें आणि निवडीला भविष्यवाणीचा मान देणें वेगळें. ‘आज आमच्याकडे इतक्याच जागा आहेत व त्या आम्ही या मापानें भरल्या’ असें म्हणणारी समिति सत्य बोलते. ‘राहिलेल्यांत कांहीं दम नाहीं’ असें म्हणणारी समिति जें बोलते, त्याचा पुरावा तिच्यापाशीं असूंच शकत नाहीं. कारण नाकारलेल्या मुलास संधि मिळत नाहीं, आणि संधि न मिळाल्यामुळें तो नाकारण्यास योग्य होता असें दिसतें. पाळण्याच्या म्हणीचा हाच न्याय.

हे दोन प्रश्न किती दूर जाऊं शकतात याचें उत्तम उदाहरण क्रिकेटमध्यें सांपडतें. मुंबईचे अमोल मुझुमदार यांनीं १९९४ सालीं रणजी करंडकांत पहिल्याच सामन्यांत २६० धांवा काढल्या. प्रथम दर्जाच्या पदार्पणांतील तो त्या वेळीं जागतिक उच्चांक होता. ‘नवा तेंडुलकर’ हें भाकीत झालें. पुढें त्यांनीं प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें ११,१६७ धांवा जमविल्या, परंतु भारताकडून एकहि सामना त्यांच्या वांट्यास आला नाहीं. खेळाडू चांगला होईल हें भाकीत खरें ठरलें. त्याची निवड होईल हें खोटें ठरलें. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारताच्या महिलांनीं विश्वचषक जिंकला, तेव्हां त्यांचे प्रशिक्षक हेच मुझुमदार होते. तें तर कोणत्याच यादींत नव्हतें.

हा विषय केवळ संघमालकांचा असता, तर त्यावर इतकी शाई खर्चण्याचें प्रयोजन नव्हतें. त्यांचे पैसे बुडाले तर पुढच्या लिलावांत ते भरून काढतील. परंतु आज पुण्यांत कितीतरी घरांत बारा-चौदा वर्षांचीं मुलें पहांटे मैदानावर जातात, शाळेचे तास त्यासाठीं बदलून घेतले जातात, आणि एखाद्या निवडीच्या यादींत नांव आहे कीं नाहीं यावर त्या घराचा आनंद व विषाद ठरतो. यादींत नांव आलेल्या मुलास ‘उद्याचा धनराज’ म्हणून आपण त्याच्या खांद्यावर जें ओझें देतों, तें त्यास पेलेल कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं. आणि न आलेलें मूल तर घड्याळाचा निकाल हा आपल्या जन्माचा निकाल समजून स्टिक माळ्यावर टाकतें. दोघांचेंहि नुकसान एकाच गैरसमजामुळें होतें: मोठ्या माणसांनीं आपल्या सोयीसाठीं केलेली वांटणी मुलांना विधिलिखित वाटते.

म्हणून अशी यादी हातीं आली असतां पालकांनीं तिला दोन प्रश्न विचारावेत. ही यादी मुलाचें मन वाचते, कीं निवडणारांचें? आणि आज ज्यांस वगळलें, त्यांस पुन्हा केव्हां पाहणार आहां? पहिल्याचें प्रामाणिक उत्तर क्वचितच मिळेल. दुसऱ्याचें उत्तर मात्र मिळवितां येण्यासारखें आहे, आणि तें मिळेपर्यंत संस्थांना विचारीत राहणें हें आपलें काम आहे. ज्या संस्थेंत चौदाव्या वर्षीं वगळलेल्या मुलास सोळाव्या व अठराव्या वर्षीं पुन्हा मैदानावर बोलावितात, तिच्या भाकितांत चुका झाल्या तरी त्या दुरुस्त होतील. जेथें दरवाजा एकदांच उघडतो, तेथें यादी कितीहि शास्त्रीय असली तरी तिचें मोल पाळण्याच्या म्हणीहून अधिक नाहीं.