अध्याहार आणि शुश्रूषा : दोन पुस्तकांच्या निमित्ताने

मीमांसेच्या ग्रंथांत वाक्यार्थविचाराच्या ओघात एक लहानसे उदाहरण वारंवार येते. कोणी नुसते 'द्वारम्' एवढेच म्हणतो. ऐकणारा 'पिधेहि' हे क्रियापद मनाने जोडतो आणि उठून दार लावतो. उच्चारलेल्या पदाची आकांक्षा अपुरी राहिली असता ती पुरी करण्यासाठी जे बाहेरून आणावे लागते, त्याचे आणणे म्हणजे अध्याहार. भाट्टांचे म्हणणे असे, की अध्याहार पदाचाच व्हावयास हवा. शब्दाची अपेक्षा शब्दानेच फिटते. प्राभाकर म्हणतात, अर्थ हाती आला की पुरे. त्यासाठी पद मनात उभे करण्याचे कारण नाही. हा वाद आम्ही पदव्युत्तर वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. तो शिकवीत असता विद्यार्थ्यांच्या मुद्रेवर जो प्रश्न उमटतो तो, खरे सांगावयाचे तर, शिकवणाऱ्याच्या मनातही थोडाफार असतोच : ह्या भेदावाचून व्यवहारात कोणाचे काय अडते?

ते अडते, आणि फार अडते, असे मला वाटावयास लागले ते दोन इंग्रजी पुस्तकांच्या वाचनाने. शीला हेल यांचे 'द मॅन हू लॉस्ट हिज लँग्वेज' २००२ साली प्रसिद्ध झाले; डायेन ॲकरमन यांचे 'वन हंड्रेड नेम्स फॉर लव्ह' २०११ साली. दोहोंचा विषय एकच. शब्दावर हुकमत असलेल्या पतीस पक्षाघाताचा झटका येतो, वाचा जाते, आणि पत्नी त्याची शुश्रूषा करते. दोन्ही पुस्तके रुग्णाच्या धैर्याच्या व पत्नीच्या निष्ठेच्या कथा म्हणून वाचली जातात आणि तशी ती आहेतही. पण माझ्या मते त्यांचा खरा विषय अध्याहार हा आहे. वाचाघात झालेल्या माणसाबरोबर राहणे म्हणजे दिवसाकाठी शेकडो वेळा त्याचे वाक्य पुरे करणे. आणि म्हणून अशा पुस्तकाची पारख करताना, लेखिकेने बोललेले आणि भरलेले ह्यांच्यामधली सीमा कितपत प्रामाणिकपणे राखली आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

प्रस्तुत लेखिकेच्या घरी हा आजार दोन वर्षांपूर्वी आला, हे येथेच सांगून टाकलेले बरे. समीक्षकाने तटस्थ असावे ही अपेक्षा रास्त आहे. ह्या लेखात ती पूर्णपणे पुरी होणार नाही.

जॉन हेल हे युरोपीय प्रबोधनकालाचे मान्यवर इतिहासकार, वॉरिक विद्यापीठातील इतिहासाचे पहिले प्राध्यापक. १९९२ साली त्यांना झटका आला. त्यांचा प्रबोधनकालीन युरोपच्या संस्कृतीवरील मोठा ग्रंथ त्यानंतर, १९९३ साली, बाहेर पडला. १९९९ मध्ये ते वारले. मधल्या सात वर्षांत त्यांच्या तोंडून बहुतांशी 'द वोज्' अशासारखा एक निरर्थक ध्वनिसमूहच येत राहिला. समज मात्र बरीचशी शाबूत होती आणि, जे आम्हा भाषाशास्त्राच्या लोकांना विशेष चटका लावून जाते, सुरावली संपूर्ण शाबूत होती. प्रश्न, होकार, थट्टा, आग्रह, तक्रार ह्यांचे सारे चढउतार त्या अर्थहीन अवयवांवर जसेच्या तसे स्वार झालेले असत. भेटीस आलेल्या मंडळींना त्यांच्याशी चांगली बातचीत झाली असे वाटे. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली पॅरिसमध्ये ज्या रुग्णाचे वर्णन केले तोही 'तान' एवढाच एक अवयव उच्चारी. परंतु त्या 'तान'चे सूर कोणी टिपून ठेवले असते तर आमच्या शास्त्राचा आरंभ कदाचित निराळ्या जागी झाला असता.

हेलबाईंची शैली साधी, जवळजवळ कोरडी आहे. आजाराच्या पहिल्या दिवसांतील अनास्थेची चीड त्या लपवीत नाहीत. आणि त्या चिडीतूनच त्यांचा अभ्यास सुरू होतो. ब्रोका, वेर्निके, पुढचे वाद, अलीकडचे मानसशास्त्रीय प्रयोग असा मोठा पल्ला त्या गाठतात. ही प्रकरणे सामान्य वाचकास जड वाटतील, आणि मलाही एका ठिकाणी ग्रंथालयात बसल्यासारखे झाले. तथापि पुस्तकाचे मोल त्यांच्या एका संयमात आहे. 'द वोज्'चा अर्थ त्या फार क्वचित शब्दांत मांडतात. पती हसला, रागावला, कोणत्या चित्रापुढे थांबला, हे सांगतात. त्यावरून काय समजले ते सांगतात. पण त्याच्या तोंडी वाक्य घालीत नाहीत. प्राभाकरांच्या परिभाषेत हा अर्थाध्याहार होय. पद रिकामेच ठेवलेले आहे.

ॲकरमनबाईंचा प्रकार नेमका उलट. त्या स्वतः कवयित्री. पती पॉल वेस्ट हे डर्बिशरमध्ये जन्मलेले व अमेरिकेत स्थायिक झालेले कादंबरीकार, अलंकृत गद्याचे हट्टी पुरस्कर्ते. २००३ साली मूत्रपिंडाच्या विकारासाठी ते रुग्णालयात असतानाच झटका आला, आणि पन्नासच्या आसपास पुस्तके लिहिणाऱ्या माणसापाशी 'मेम' हा एकच अवयव उरला. पुढे शब्द परतू लागले. मात्र ज्या क्रमाने यावेत असे आपण मानतो त्या क्रमाने नव्हे. रोजच्या वस्तूंची नावे येईनात आणि विरळा, ग्रंथगत, लॅटिन वळणाचे शब्द मात्र येत. पंखधारी बालकांचे एक चित्र दाखवले असता त्यांनी देवदूतांच्या एका विशिष्ट वर्गाचे बायबलातले नाव उच्चारले. वाचोपचारतज्ज्ञाला साधा 'देवदूत' हा शब्द हवा होता, म्हणून उत्तर चूक ठरले. शब्द जितका अधिक वापरातला तितका तो स्मृतीत अधिक पक्का, असे आम्ही शिकवतो आणि सर्वसाधारणपणे ते खरेही आहे. पण हा वापर कोणाचा मोजावयाचा? समाजाचा की त्या एका माणसाचा? ज्याने चाळीस वर्षे दुर्मीळ शब्द हीच रोजची भाकरी मानली, त्याच्या दृष्टीने सोपा शब्द कोणता, हे उपचाराच्या छापील पुस्तिकेला कसे ठाऊक असणार? ॲकरमनबाईंनी पुस्तिका बाजूस सारून पतीच्या स्वभावाला साजेसे, विनोदी व तऱ्हेवाईक वाक्यांचे अभ्यास स्वतः तयार केले. हा भाग पुस्तकातील सर्वोत्तम होय, आणि ज्याला कोणाला घरी असे काम करावे लागते त्याने तो दोनदा वाचावा.

पुस्तकाचे शीर्षकही अशाच एका अभ्यासातून आलेले आहे. पत्नीला लाडाने हाक मारण्याची असंख्य नावे वेस्ट विसरले होते. नवी नावे घडव, असे तिने सुचवले, आणि शंभर दिवस रोज एक असे नाव ते घडवीत राहिले. ती नावे शेवटी यादीने दिलेली आहेत. पक्षी, फुले, पुराणकथा ह्यांची त्यांत अशी काही सरमिसळ आहे, की निरोगी माणसाला ती सहसा सुचू नये. रोमान याकोब्सन यांनी १९५६ साली वाचाघाताचे दोन ध्रुव सांगितले : एकात साधर्म्यावरची पकड सुटते, दुसऱ्यात सान्निध्यावरची; आणि रूपक व सान्निध्यमूलक लक्षणा ह्यांची सांगड त्यांनी त्या ध्रुवांशी घातली. आमच्याकडे लक्षणेचे गौणी व शुद्धा असे जे भेद केले आहेत त्यांची आठवण येथे होणे साहजिक आहे. परंतु ही शंभर नावे दोन्ही कप्प्यांत नीट बसत नाहीत, आणि ती बसवण्याचा मोह मी आवरते. याकोब्सन यांची विभागणी सुबक आहे. इतकी सुबक, की तिच्यात न बसणारा रुग्ण आपल्याला दिसेनासा होतो.

आता आक्षेपाकडे वळावयाचे. ॲकरमनबाई पदाध्याहार करतात, आणि तो फार सफाईने करतात. पतीच्या अडखळत्या बोलण्याभोवती त्यांचे स्वतःचे समृद्ध गद्य इतके दाट वाढलेले आहे, की पुष्कळ ठिकाणी बोलणारा कोण आणि भरणारा कोण हे वाचकाला सांगता येत नाही. पतीचा मौनाचा प्रदेश पत्नीच्या उपमांनी व्यापून जातो. आपला एकान्त गेला, लेखन थांबले, पत्नीची शिक्षिका व पहारेकरीण झाली, हे त्या मोकळेपणाने सांगतात. ह्या कबुलीचे मोल मी कमी लेखत नाही. पण आपण त्याच्या तोंडचा शब्द किती वेळा ओढून घेतला, ह्याचा हिशेब त्या क्वचितच देतात.

हा आक्षेप ग्रंथालयात बसून घेता आला असता, पण मला तो घरी सुचला. झटका आल्यानंतर चौथ्या महिन्यात माझे यजमान एका संध्याकाळी 'दार' असे म्हणाले. मी उठून दार लावले. ते पुन्हा 'दार' म्हणाले. कडी नीट बसली नसेल म्हणून मी कडीही घातली. तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की शेजारच्या बाई आल्या, आणि त्यांच्यासाठी दार उघडावे लागले तेव्हा ते शांत झाले. गल्लीत मुले खेळत होती. त्यांचा गलबला त्यांना ऐकावयाचा होता. 'द्वारम्' नंतर 'पिधेहि' हेच येणार, हे मी वीस वर्षे शिकवीत आले होते. प्रकरण, म्हणजे प्रसंगाचा संदर्भ, तात्पर्य ठरवतो, हेही शिकवीत होते. पण प्रकरण माझ्यापुरते शास्त्रातले होते, त्या खोलीतले नव्हते.

मराठीचा ह्या आजारात एक खास अडसर आहे, तो इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. प्रत्यय गळून पडले की इंग्रजीत उरते ते क्रियापदाचे साधे रूप. ऐकणारा ते अपुरे वाक्य म्हणून समजून घेतो. मराठीत नुसता धातू उच्चारला की तो बहुधा एकवचनी आज्ञार्थ होतो. 'दे', 'आण', 'ऊठ', 'बस' : वाचाघाताच्या रुग्णाला सापडतात ती अशी रूपे, आणि ऐकणाऱ्याच्या कानी पडतो तो हुकूम. माझे वृद्ध वडील भेटीस आले असता यजमान त्यांना 'बस' म्हणाले. एरवी त्यांच्यासमोर ते स्वतः खुर्चीवर बसत नसत. वडिलांनी ते मनावर घेतले नाही. माझ्या धाकट्या भावाने घेतले. 'बसा' मधला एक आकार किती नात्यांचे ओझे वाहतो, हे मी व्याकरणाच्या तासाला कधी सांगितले नव्हते.

तात्पर्य मात्र आत शाबूत असू शकते, आणि ह्याचा पुरावा स्वतः वेस्ट यांनी दिला आहे. झटक्यानंतर थोड्याच महिन्यांनी, पत्नीच्या आग्रहावरून, त्यांनी आपल्या अनुभवाचे कथन तोंडी सांगून लिहवून घेण्यास आरंभ केला. ते 'द शॅडो फॅक्टरी' ह्या नावाने २००८ साली निघाले. तोंडून 'मेम' निघत असताना आतमध्ये मात्र इंग्रजी आकाशवाणीच्या निवेदकासारखा एक सुसंस्कृत आवाज बिनचूक बोलत होता, असे त्यांचे सांगणे आहे. ऐकणाऱ्याने भरलेले प्रत्येक पद ह्या आतल्या निवेदकाच्या कानी पडत असले पाहिजे, आणि त्याला ते नाकारता येत नव्हते. हे लक्षात घेतले म्हणजे हेलबाईंच्या कोरडेपणाचे मोल वाढते. 'द शॅडो फॅक्टरी' हे वाचनास अवघड, असमतोल पुस्तक आहे. लिहून घेणाऱ्याच्या हातून काय सुटले व काय भरले गेले हे त्याच्या छापील पानावरून ओळखता येत नाही. तरीही ॲकरमनबाईंचे पुस्तक त्याच्यावाचून एकट्याने वाचू नये, असे माझे मत आहे. वेस्ट २०१५ साली वारले. त्यापूर्वी त्यांनी आणखीही लेखन केले, आणि पहिल्या काही महिन्यांत जे परत आले नाही ते पुढे कधीच येत नाही ह्या प्रचलित समजुतीला त्या घराने चांगलेच उत्तर दिले.

दोन पुस्तकांत श्रेष्ठ कोणते, असे मला कोणी विचारील तर वाचनाच्या आनंदासाठी मी ॲकरमन सुचवीन. रुग्ण घरी असेल तर हेल. ॲकरमनबाईंचे यश त्यांच्या पतीच्या विशिष्ट प्रतिभेवर आणि, हेही म्हटले पाहिजे, घरात मदतीस ठेवता आलेल्या माणसांवर उभे आहे. सामान्य कुटुंबात नोकरी सांभाळून, संध्याकाळी सहा वाजता थकून घरी येणाऱ्या बाईजवळ शंभर नावे ऐकण्याइतका वेळ नसतो. तिच्याजवळ 'सोमवार, मंगळवार' असे पहिल्यापासून म्हणत म्हणत 'गुरुवार' गाठणारा माणूस असतो, आणि त्याच्या आधी 'गुरुवार' न म्हणता थांबणे हेच तिला जमवावयाचे असते.

मला ते नेहमी जमते असे नाही. गेल्या वर्षापासून मी एक वही ठेवली आहे. पहिल्या रकान्यात ते काय म्हणाले, दुसऱ्यात मी काय भरले, तिसऱ्यात त्यांनी ते मान्य केले की मान हलवून नाकारले. पहिल्या चार महिन्यांच्या पानांवर तिसरा रकाना जवळजवळ कोरा आहे, कारण तेव्हा त्यांना विचारण्याचे मला सुचलेच नव्हते.